मुलगी अठरा वर्षांची होताना पोटगी: जुन्या प्रकरणात अर्ज करू नका

ताई, तुमची मुलगी बारावीत आहे, नोव्हेंबरमध्ये तिला अठरा वर्षे पूर्ण होतील आणि त्या महिन्यापासून पोटगी बंद करणार असल्याचे तिच्या वडिलांनी कळवले आहे. अशा वेळी चालू आदेशाची मुदत वाढवून घेण्यासाठी जुन्याच प्रकरणात अर्ज करावा का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया करू नका. नेमका हाच अर्ज मी केला होता आणि त्यापायी माझ्या मुलीचे चौदा महिने वाया गेले. मी वकील नाही. माझ्या प्रकरणात जे घडले आणि त्यानंतर मी जे वाचून व विचारून समजून घेतले, तेवढेच लिहिते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे दाखल करण्यापूर्वी ते वकिलाला दाखवाच.

आमच्या तालुक्याला कौटुंबिक न्यायालय नव्हते. त्यामुळे मुलीला दरमहा ७,००० रुपये देण्याचा पहिला आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिला होता. (१ जुलै २०२४ पासून त्या तरतुदीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे.) जून २०२२ मध्ये मुलगी अठरा वर्षांची झाली आणि पुढच्याच महिन्यात पैसे येणे थांबले. महिलांना सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात मी आदेशाची प्रत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी प्रत उलटून शेवटचे पान पाहिले, मुलीची जन्मतारीख विचारलीसुद्धा नाही आणि म्हणाल्या, "मुदतच वाढवायची आहे ना, मग जुन्याच नंबरात अर्ज टाका." मी विश्वास ठेवला. पुढे तारखांमागून तारखा पडल्या. कधी समोरचे वकील गैरहजर असत, कधी न्यायाधीश रजेवर असत. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला, कारण त्या कलमाखाली सज्ञान मुलीला पोटगी देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना नाही. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याचा काय तो अपवाद आहे.

मला ज्या दरवाजातून जायला हवे होते, तो त्याच इमारतीत होता. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २०(३) नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर ती सज्ञान झाली तरी तिला सांभाळण्याची जबाबदारी सुटत नाही. त्या कायद्यातील निर्वाहाच्या व्याख्येत शिक्षणाचा खर्च स्पष्टपणे धरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० रोजी अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हाच फरक उलगडून सांगितला: कलम १२५ खाली सज्ञान मुलीला मागता येत नाही, १९५६ च्या कायद्याखाली मागता येते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे हा दावा त्याच्यापुढे जातो, नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. माझा अर्ज दाखल झाला तेव्हा हा निकाल येऊन जवळजवळ दोन वर्षे झाली होती. ज्या कार्यालयाचे कामच हे आहे, त्याला तो माहीत नसावा, याचा राग मला आजही येतो.

नुकसान केवळ वेळेचे झाले नाही. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, आणि आम्हालाही ती नंतर १९५६ च्या कायद्याखाली केलेल्या नव्या दाव्याच्या तारखेपासूनच मिळाली. चुकीच्या अर्जाचे चौदा महिने, म्हणजे ९८,००० रुपये, कायमचे गेले. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी मी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, त्या याच काळात.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्या दाव्यात मागणारी तुम्ही नसून तुमची मुलगी असेल. "पोरीला कोर्टात कशाला ओढतेस?" असे तुम्हाला घरातूनच ऐकावे लागेल. माझे मत स्पष्ट आहे: हक्क तिचा आहे, तो काय आहे हे तिला समजावून सांगा आणि सही तिलाच करू द्या. वकालतनाम्यावर पूर्ण नाव लिहिताना माझी मुलगी स्वतःच्या नावापुढे थांबली आणि तिने हळूच विचारले, "आई, मध्ये बाबांचेच नाव लिहायचे ना?" मी हो म्हटले. तिने ते नीट, सुवाच्य अक्षरात लिहिले. तो दिवस जड गेला हे खरे, पण त्यानंतर फीची तारीख जवळ आली की माझ्याकडे अपराधी नजरेने पाहणे तिने थांबवले.

तुमची मागील थकबाकी असेल तर तीही आताच पाहा. तिच्या वसुलीचा अर्ज मात्र जुन्याच प्रकरणात करायचा असतो आणि तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "देतो, देतो" या आश्वासनावर ते वर्ष निघून जाऊ देऊ नका.

मुलाच्या बाबतीत स्थिती इतकी सरळ नाही, कारण १९५६ च्या कायद्यातील शब्द मुलाला सज्ञान होईपर्यंतच आधार देतात. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पित्याला मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत खर्च देण्यास सांगितले होते, पण अशा आदेशांवर विसंबून गाफील राहू नये. म्हणूनच ज्यांचा परस्परसंमतीने घटस्फोट अजून व्हायचा आहे, त्यांनी संमतीच्या अटींमध्ये "सज्ञान होईपर्यंत" हे शब्द मुळीच स्वीकारू नयेत. "पदवी पूर्ण होईपर्यंत" असे लिहून घ्यावे आणि फी कोणी, किती दिवसांत भरायची हेही त्यातच नमूद करावे. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. इतरांनी आपापल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे विचारून घ्यावे.

तुमच्या हातात अजून काही महिने आहेत, जे माझ्याकडे नव्हते. तोवर मुलीचा जन्मदाखला, बोनाफाईड, फीच्या आणि क्लासच्या पावत्या, बँकेचे पासबुक आणि जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत गोळा करा. मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावे लागते. त्यात स्वतःचा पगार कमी दाखवण्याचा सल्ला मला मिळाला होता. मी तो मानला नाही, तुम्हीही मानू नका. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तुमच्या मुलीला या दोन्ही सवलती लागू होतात. दाव्यासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज जोडा, आणि वाढदिवसानंतर न्यायालय ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी दोन्ही दाखल होतील, अशी तयारी वकिलाकडून ऑक्टोबरमध्येच करून घ्या.