मुख्याध्यापक होण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या अनुदानित हायस्कूलचे मुख्याध्यापक सर दीड वर्षाने निवृत्त होतात. सेवाज्येष्ठतेने पुढचा क्रमांक माझा आहे. इतकी वर्षे गणित शिकवले, पण ऑफिसच्या कामाची काहीच माहिती नाही. आतापासून काय शिकून ठेवू?
(एक शिक्षिका, फोंडा तालुका)

उत्तर: दीड वर्ष हाताशी आहे, ही मोठी जमेची बाजू. अनेकांना नेमणुकीचा आदेश आणि कपाटाच्या किल्ल्या एकाच दिवशी मिळतात.

सरांकडे शाळेचे एक काम पूर्णपणे मागून घ्या. सही त्यांची असू दे, पण निर्णय तुम्ही घ्या. नुसत्या मदतनिसाला निर्णयाची जबाबदारी नसते, आणि ती अंगावर पडल्याशिवाय या पदाची सवय होत नाही. आमच्या मते सगळ्यात उपयोगी काम वेळापत्रकाचे.

आधी हिशेब मांडा. पाचवी ते दहावी दोन-दोन तुकड्या म्हणजे १२ तुकड्या. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ४ तासिका धरल्या तर तुकडीमागे आठवड्याला ४४, एकूण ५२८. शिक्षकामागे सरासरी ३० तासिका धरल्या तर १८ जण लागतात. त्यातला एक निवडणुकीच्या कामावर गेला की उरलेल्यांवर ३१ येतात. हा आकडा कागदावर असला म्हणजे संस्थेकडे किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे शिक्षक मागताना तुमचे म्हणणे पक्के राहते.

मग अडचणीच्या गोष्टी आधी बसवा: प्रयोगशाळा, संगणक कक्ष, मैदान आणि ठरावीक दिवशीच येणारे शिक्षक. त्यानंतर प्रात्यक्षिकांच्या जोडतासिका, मग गणित, विज्ञान, भाषा, शेवटी बाकीचे. बहुतेक जण दहावीपासून सुरुवात करतात आणि अखेर एकाच तासाला दोन तुकड्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहतात. तक्ता भरला की तो दोनदा वाचा. एकदा तुकडीप्रमाणे: एखाद्या वर्गाला गणित आठवडाभर शेवटच्याच तासाला तर आलेले नाही ना? एकदा शिक्षकाप्रमाणे: कोणाला सलग पाच तास उभे राहावे लागते का? बदली तासांची वही वेगळी ठेवा आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येकाची बेरीज स्टाफरूममध्ये लावा. ज्याचा तास मोकळा दिसतो त्यालाच दर वेळी पाठवले, तर चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत कुरबुर सुरू झालीच म्हणून समजा.

दुसरे ठिकाण क्लार्कचे टेबल. आठवड्यातून एक मोकळा तास तिथे बसा. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), सेवापुस्तिका, पगारबिल, शाळा सोडल्याचा दाखला कसा तयार होतो ते बघा. सेवापुस्तिकेत रजेची किंवा वेतनवाढीची एक नोंद राहिली तर ती त्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाच्या वेळी आडवी येते, आणि तोवर चूक करणारे कोणी शाळेत नसते. जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड कधीही करू नये. गोव्यात आडनावांचे रोमन स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि रजिस्टरमध्ये तिसरे असे सर्रास आढळते. प्रवेश देतानाच जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नाहीतर दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवेळी धावपळ ठरलेली.

गोवा शालेय शिक्षण कायदा (१९८४) आणि त्याखालील नियम (१९८६) विकत घेऊन वाचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. पदभार घ्याल त्या दिवशी लेखी यादीवर दोघांच्या सह्या हव्यात: बँक खात्यांतली शिल्लक, चेकबुके, डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही), कोऱ्या दाखल्यांचे क्रमांक, यूडायस प्लस या शाळांची माहिती भरण्याच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड, प्रलंबित पत्रे. माहिती अधिकाराचे अर्ज विशेष करून विचारा. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि मुदत तुमच्या रुजू होण्याची वाट पाहत नाही.

प्रश्न: पर्यवेक्षक म्हणून मला सहकाऱ्यांचे पाठ पाहावे लागतात. काही जण माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, दोघांनी तर मला शिकवलेले आहे. मी वर्गात गेलो की वातावरण अवघडते. नंतर सगळे 'बरे झाले' एवढ्यावर संपते.
(एक शिक्षक, डिचोली)

उत्तर: आधी त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. 'सर, माझा नववीचा तास बघा आणि मुलांना कुठे कळले नाही ते सांगा,' एवढे म्हणा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या. एक-दोनदा असे झाले की तुमचे जाणे तपासणी वाटत नाही.

त्यांच्या तासाआधी पाच मिनिटे भेटा. या तासानंतर मुलांना काय करता यायला हवे आणि मी नेमके काय पाहू, हे दोन प्रश्न पुरेत. घंटेच्या आधी मागच्या बाकावर बसा आणि तास संपेपर्यंत उठू नका. दहा मिनिटे डोकावून काढलेले मत अन्यायाचे असते.

मते लिहू नका, दिसते ते टिपा. सोपी पद्धत बैठकीच्या नकाशाची: कागदावर बाकांचे चौकोन काढा आणि प्रश्न ज्याला गेला त्या चौकोनात टिंब द्या. समजा, ४० मुलांच्या वर्गात १८ प्रश्न विचारले आणि १५ टिंबे पुढच्या दोन रांगांत पडली. हा कागद समोर ठेवला की तुम्हाला काही बोलावेच लागत नाही. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती सेकंद थांबले, तेही घड्याळावर पाहून टिपा.

चर्चा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पंधरा मिनिटांत आणि एकांतात करा. आधी त्यांना बोलू द्या. सुधारणा एकच ठरवा, पंधरा दिवसांनी तेवढीच पाहायला जा. पाच सूचना एकदम दिल्या की एकही अमलात येत नाही. हा कागद गोपनीय अहवालाच्या फाइलमध्ये कधीही जाऊ देऊ नका. एकदा गेला की पुढच्या वेळी तुमच्यासाठी खास बसवलेला पाठच पाहायला मिळेल.

प्रश्न: आमच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी, दोनच शिक्षिका आणि इन्चार्ज मी. सगळा वेळ कागदांत जातो. यात नेतृत्व कसले करायचे?
(एक शिक्षिका, सत्तरी)

उत्तर: तुमच्या शाळेत नेतृत्व म्हणजे शिकवण्याचा वेळ राखणे. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. त्यातले किती खरोखर मिळाले, हे महिन्याला मोजा. हा आकडा वरिष्ठांपुढे ठेवण्यासारखा असतो.

पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे अशी जोडी करा. एका इयत्तेला तोंडी शिकवताना तिच्या जोडीच्या इयत्तेला देण्याचे काम आदल्या दिवशी तयार हवे, नाहीतर फळ्यावरून उतरवून घेण्यात अर्धा तास जातो. कागदपत्रांना शाळा सुटल्यावरचा ठरावीक वेळ द्या. यूडायस प्लसची माहिती ३० सप्टेंबरच्या पटावर भरायची असते, म्हणून प्रत्येक मुलाच्या माहितीचे एक पान ऑगस्टमध्येच पुरे करून ठेवा.

माध्यान्ह आहार वाढण्याआधी शिक्षिकेने चाखून नोंद करावीच. बचतगटाकडून पावभाजी आली म्हणून ती चांगलीच असेल असे गृहीत धरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. गळके छप्पर, कुंपण, शौचालय हे विषय समितीच्या ठरावाने शाळा विकास आराखड्यात घाला. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार हवा. तोंडी विनंतीपेक्षा ठराव टिकतो.

प्रश्न: मुख्याध्यापकपदाच्या तयारीसाठी एखादा अभ्यासक्रम आहे का?
(वाचक, काणकोण)

उत्तर: नवी दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिप आहे. त्यांचा शालेय नेतृत्वाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि पदविका अभ्यासक्रम दोन्ही पाहा. स्वतःचा विकास, अध्यापनात बदल, संघबांधणी, प्रशासन अशी एकूण सात क्षेत्रे त्यांनी आखली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे. व्हिडिओ पळवून मिळवलेल्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही. प्रत्येक घटकानंतर आपल्या शाळेत एक गोष्ट करून पाहा.

प्रश्न: शाळेतल्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध मुलीने लैंगिक छळाची तक्रार केली. 'आधी आपण आपसात चौकशी करू,' असे व्यवस्थापन म्हणते. प्रभारी मुख्याध्यापक म्हणून मी काय करावे?
(नाव नको)

उत्तर: पोलिसांना आजच कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याची सक्ती आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर कलम २१ नुसार संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेची परवानगी लागत नाही. मुलीला पुन्हापुन्हा प्रश्न विचारू नका, तिचे नाव स्टाफरूममध्ये जाऊ देऊ नका, त्या कर्मचाऱ्याशी तिचा सामना होऊ देऊ नका. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत एकदा लिहून ठेवा. गरज पडल्यास चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन करा. पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या आणि मगच संस्थेच्या मॅनेजरना सांगा.