टेबल सॉवर प्लाय कापताना खालून ढलप्या निघतात आणि तुकडा उडतो, काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. दहा इंची टेबल सॉ नवीन घेतलाय, गॅलरीत पुस्तकांचं कपाट करताय, १८ मिमीचा कमर्शियल प्लाय आहे. मशीनबरोबर आलेलं २४ दातांचं पातं आहे आणि पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, अडचण करतो म्हणून काढून ठेवलाय. कापल्यावर खालच्या बाजूने ढलप्या निघतात. आणि जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की परवा ३० इंच लांब, १० इंच रुंद फळीतून ६ इंचाचा तुकडा कापताना तो उडून पोटावर बसला.

ती शेवटची ओळ पहिली हवी होती. ढलप्यांकडे नंतर येतो.

माझाही असाच एक तुकडा उडाला होता, मांडीवर बसला, पंधरा दिवस निळा डाग होता. लाज याची की भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं शतांश मिलिमीटरवरून पोरांना बोलणी घातली आणि घरी मात्र सॉचा फेन्स, म्हणजे फळीची कड टेकवायची सरळ पट्टी, डोळ्याच्या अंदाजाने लावला.

पात्याचे पुढचे, म्हणजे तुमच्या बाजूचे दात वरून खाली जातात. ते प्लायला टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र टेबलातून वर येतात आणि वरून फिरून तुमच्याकडे येतात. कापण्याचं काम पुढच्या दातांनी संपलेलं असतं, मागच्यांनी फक्त मोकळ्या चिरेतून फिरायचं. प्लाय जरा तिरका होऊन त्या मागच्या दातांना टेकला की ते त्याला उचलतात आणि तुमच्या दिशेने भिरकावतात. वेग काढून बघा: २५४ मिमीचं पातं मिनिटाला ४८०० फेरे मारत असेल तर दाताचा वेग ताशी सुमारे २३० किमी होतो. शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला तो गाजलेला चेंडू १६१.३ चा होता. तुकडा दाताच्या पूर्ण वेगाने येत नाही हे खरं, पण तुम्ही पॅडही बांधलेलं नसतं.

तुमच्या बाबतीत तिरकं व्हायला पूर्ण वाव होता. फेन्सला टेकलेली कड फक्त १० इंचांची, आणि पात्याच्या डावीकडे २४ इंच फळी बाहेर. डाव्या हाताने जरा कमीजास्त ढकललं की अख्खी फळी फिरते. त्यात कापून सुटलेला ६ इंचाचा तुकडा पातं आणि फेन्स यांच्या मधे अडकलेला, त्याला पळायला एकच दिशा, तुमचं पोट. म्हणून फळी आडवी, लांबीला आखूड करायची असेल तेव्हा फेन्स वापरायचा नाही. फेन्स आणि मायटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा, फळी आडवी ढकलायचा टेकू) दोन्ही एकदम तर अजिबात नाही. एकसारखे तुकडे हवे असतील तर फेन्सला पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा. माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्यायचं, पण पात्यापर्यंत पोचताना फळी ठोकळ्यापासून सुटलेली असली पाहिजे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे सरकता पाट. इंग्रजी व्हिडिओंत त्याला स्लेड म्हणतात, मी पाटच म्हणतो. १२ मिमीच्या सपाट प्लायचा तुकडा घ्या. टेबलात मायटर गेजसाठी ज्या दोन खाचा असतात, त्यांत अलगद सरकतील अशा सागवानाच्या दोन पट्ट्या त्याच्या खाली बसवा. पुढे आणि मागे दोन उभ्या जाड पट्ट्या लावा. मग पाटासकट पात्यावरून न्या, मधे एक चीर पडेल. फळी पाटावर ठेवून पाटच ढकलायचा. फळी टेबलावर घासत नाही, फिरत नाही, तुकडा अडकत नाही. ज्या पट्टीला फळी टेकते ती पात्याशी काटकोनात आहे का, हे बघायला गुण्यावर विसंबू नका. एक रुंद तुकडा मधोमध कापा, एक अर्धा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना लावा, दोन्ही अर्धे एकाच सरळ पट्टीला टेकवून. मधे फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते.

गंमत म्हणजे तुमच्या ढलप्यांचं औषधही हाच पाट आहे. प्लायचा वरचा पापुद्रा आपल्याकडे कागदासारखा पातळ असतो, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दात खालून बाहेर पडतो तेव्हा त्या पापुद्र्याला खालून टेकू नसेल तर तो कापला न जाता उचकटतो, विशेषतः पापुद्र्याच्या रेशांना आडवं कापताना. मशीनबरोबर येणाऱ्या टेबल इन्सर्टमध्ये, म्हणजे पातं जिथून वर येतं तिथल्या काढता येणाऱ्या झाकणपट्टीत, पात्याभोवती बोटभर फट असते, टेकू कुठला? पाटाची चीर मात्र पात्याच्याच जाडीची, त्यामुळे कडेपर्यंत टेकू मिळतो. फेन्सवर लांब कापायचं असेल तर तसाच इन्सर्ट प्लायचा करून घ्या. पातं पूर्ण खाली घ्या, नवीन इन्सर्ट बसवा, वरून लाकडी दांडी आडवी क्लॅम्प करून तो दाबून ठेवा, आणि मशीन चालू करून पातं हळूहळू वर आणा. रायव्हिंग नाइफसाठी मागे चीर वाढवायला विसरू नका.

रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी, पात्याच्या चिरेपेक्षा किंचित पातळ. मागच्या दातांना प्लाय टेकू न देणं एवढंच तिचं काम. तुम्ही गार्डबरोबर तीही काढली असेल तर आज परत लावा. गार्डबद्दल मी वाद घालेन, तिच्याबद्दल नाही.

आता फेन्स. मशीनची पिन सॉकेटमधून काढा, पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून त्याच्यापासून मायटरच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. दोन्ही सारखं हवं. नसेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून जुळवा. मग फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. मागच्या टोकाला तो पात्यापासून केसभर, ०.१ मिमी, लांब असला तर चालतो. जवळ मात्र अजिबात नको, कारण मग तो स्वतःच प्लायला मागच्या दातांवर दाबतो. कापलेली कड काळपट जळलेली दिसते, किंवा वरच्या बाजूनेही ढलप्या निघतात, तेव्हा मला आधी हाच संशय येतो.

पातं बदला. २४ दातांचं पातं लांब रेशांत लाकूड चिरायला असतं. प्लायला दहा इंचात ६० किंवा ८० दातांचं टीसीटी (कार्बाइडच्या दातांचं) पातं घ्या, मधल्या भोकाचं माप आणि पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनशी ताडून. उंची इतकीच ठेवा की दात प्लायच्या वर ४–५ मिमी दिसतील. पातं जितकं वर तितके दात खालच्या पापुद्र्यातून सरळ खाली घुसतात आणि जास्त उचकटतात. चांगली बाजू वर. (हातातल्या सर्क्युलर सॉला उलटं, त्याचे दात खालून वर येतात, तिथे चांगली बाजू खाली.) खालची बाजूही दिसणार असेल तर पातं फक्त २ मिमी वर ठेवून एकदा न्या, मग नेहमीच्या उंचीला आणून त्याच चिरेतून कापा. मॉड्युलर किचनच्या कारखान्यांतले पॅनेल सॉ हेच करतात. जर्मनीत विल्हेल्म अल्टेनडॉर्फ यांनी १९०६ मध्ये सरकत्या टेबलाचा सॉ बनवला, त्याच वळणाच्या आजच्या यंत्रांत मुख्य पात्याच्या पुढे उलटं फिरणारं एक छोटं पातं असतं, ते आधी खालचा पापुद्रा कापून ठेवतं. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावली तरी फरक पडतो, थोडा. ओढून काढताना पापुद्राच बरोबर येतो, हा माझा अनुभव.

तुमच्याकडे निदान खरा टेबल सॉ आहे. साइटवर बरेच मिस्त्री चार इंची मार्बल कटर प्लायखाली उलटा बांधतात, ट्रिगर तारेने आवळून. त्यात रायव्हिंग नाइफ नाही, आणि तो कटर मिनिटाला १२–१३ हजार फेरे मारतो. वीज गेली की सगळे चहाला जातात, परत आली की कटर आपोआप सुरू. तुमचं मशीनही तपासा: चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, पातं थांबू द्या, मग तेच बटण लांब उभं राहून चालू करा. पातं फिरायला लागलं तर लोडशेडिंगच्या दिवशी मशीनचा स्विच आधी बंद करायची सवय लावा.

हातमोजे नकोत, दाताने बोट पकडलं नाही तरी मोजा पकडतो आणि हात आत जातो. तसंच मनगटावरची राखी, धागा, गळ्यातला गोफ, अंगठी. उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे. बोटं पात्यापासून वीतभर लांब, त्याहून जवळ जायचं तर पुश स्टिक, म्हणजे ढकलायची काठी. पडलेले छोटे तुकडे पातं थांबल्यावरच उचला. चष्मा, कानाला प्लग, आणि एन-९५ मास्क लावा. लाकडाची धूळ आणि प्लायच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइड, दोन्ही कर्करोगकारक म्हणून मान्य आहेत, आणि बंद गॅलरीत ती धूळ तासभर तरंगते.

आठ बाय चारची अख्खी शीट या मशीनवर चढवू नका. १८ मिमीची शीट ३५ किलोच्या आसपास भरते, एकट्याने ती सरळ ढकलता येत नाही. जमिनीवर थर्माकोलच्या शीटवर आडवी ठेवून हातातल्या सॉने अर्धा सेंटिमीटर मोठे तुकडे काढा, किंवा दुकानदाराला विचारा, पॅनेल सॉ असेल तर तोच मापात कापून देईल. पावसाळ्यात वाकलेला तुकडा खोलगट बाजू खाली ठेवून न्या, नाहीतर तो टेबलावर डुलतो आणि डुलणारा तुकडा पुन्हा मागच्या दातांवर जातो.

आणि ढलप्यांचा फार जीवही जाळू नका. सनमायका लावणार असाल तर दोन-तीन मिमीची ढलपी तिच्याखाली गेली. कप्प्याच्या पुढच्या कडेला सागवानी पट्टी येणार, तीही झाकली. व्हिनिअर पॉलिश करणार असाल तरच पाट, ८० दात आणि दोनदा कापणं हे सगळं करा, आणि तेही दिसणाऱ्या कडांनाच. मागची कड भिंतीकडे जाते, तिच्या ढलप्या मी मोजत नाही.