कोंबडीने सुपारीएवढं अंडं घातलं तर ती आजारी असते का?

रोज व्यवस्थित अंडं देणाऱ्या कोंबडीने अचानक सुपारीएवढं अंडं घातलं, ती आजारी आहे का आणि ते खाल्लं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. असं एखादंच अंडं असेल आणि कोंबडी नीट खातपीत, हिंडत असेल तर घाबरू नका. फक्त ते टाकून न देता एका ताटलीत फोडून बघा. आत पिवळा बलक आहे की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

बहुतेक वेळा बलक नसतोच. कवच मात्र आकाराच्या मानाने चांगलं टणक लागतं. आत घट्टसर पांढरा भाग असतो आणि नीट पाहिलं तर त्यात तांबूस ठिपका किंवा पातळसा पापुद्रा सापडतो. खरं कारण तोच. एरवी अंडाशयातून बलक सुटतो, अंडनलिकेत उतरतो, तिथे साधारण तीन तासांत त्याभोवती पांढरा भाग चढतो, मग तासाभरात आतली पातळ आवरणं आणि शेवटी सुमारे २० तास कवच. पण पांढरा भाग तयार करणाऱ्या नळीला आत आलेली वस्तू बलकच आहे का, हे कळत नाही. काहीतरी आत आलं, भिंतीला ताण बसला, की ती कामाला लागते. नळीच्या अस्तराचा सुटलेला बारीक तुकडाही तिला पुरतो. मला हे फार विलक्षण वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच कोंबडी नेहमीसारखं अंडं देते. हे छोटं अंडं ताजं असेल तर खुशाल खा. बलकच नसल्यामुळे पिल्लू मात्र निघणार नाही.

बलक असूनही अंडं लहान असेल तर गोष्ट वेगळी. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकती अंड्यावर आली असेल तर पहिले काही आठवडे अंडी लहानच येतात. वयाबरोबर बलक मोठा होतो आणि अंडंही. छोट्या चणीच्या जातींची अंडी तर कायमच लहान. पूर्ण वाढलेली कोंबडी सलग लहान अंडी देत असेल तर आधी खाणं-पाणी बघा. उन्हाळ्यात कोंबड्या कमी खातात आणि अंडं लगेच हलकं होतं. म्हणून खाद्य सकाळ-संध्याकाळ गारव्यात द्या, पाणी सावलीत ठेवा. अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या कोंबडीला प्रथिनं कमी पडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात ती साधारण १६ टक्के लागतात. घाबरून शिंपल्यांचा चुरा वाढवू नका. त्याचा संबंध कवचाशी आहे, अंड्याच्या आकाराशी नाही.

काळजी कधी करायची? एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी लहान, वेडीवाकडी किंवा सुरकुतलेल्या कवचाची येऊ लागली, पांढरा भाग पाण्यासारखा पातळ झाला, सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर श्वसनमार्गाच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. त्यातले काही रोग अंडनलिकेलाही इजा करतात. एखादी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसत असेल, सारखी कुंथत असेल, तरीही थांबू नका. तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. जाताना अशी एक-दोन अंडी न फोडता सोबत न्या.