वाचकांचे प्रश्न : विहीर, शोषखड्डा आणि आरोग्य

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या आळीत शेजारच्या घराचा शोषखड्डा आमच्या विहिरीलगत आहे. पाणी नितळ दिसते आणि आम्ही तुरटीही फिरवतो. तरीही धोका संभवतो का?

उत्तर : होय, संभवतो. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळलेला असल्याने सांडपाणी सावकाश गाळले जाण्याऐवजी भेगांवाटे थेट विहिरीत उतरू शकते, आणि पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आली की हा धोका आणखी वाढतो. अशा पाण्यातून अतिसार, विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. त्यांतील ‘ई’ प्रकार गर्भवतींच्या जिवावर बेतू शकतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, मात्र पाणी निर्जंतुक होत नाही (ते होते, हा गैरसमज घरोघरी आढळतो). म्हणून पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, विहिरीच्या पाण्याची जंतुतपासणी करून घ्यावी आणि शोषखड्डा दूर हलवण्याविषयी शेजाऱ्यांशी पावसाळ्यापूर्वीच बोलावे.

गटार तुंबत असेल तर तेथे हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास वाढतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, कारण त्यात मिसळलेल्या उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. त्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.