डाव कुणाच्या हातात?

"मॅडम, तिचं ताट-वाटी वेगळं ठेवलं तर बरं ना?"

टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की समोरचा खुर्चीत टेकायच्या आतच तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. कुणी टॉवेलचं विचारतं, कुणी संडासाचं.

उत्तर खरं तर छोटं आहे. फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकला, शिंकला की बारीक कण हवेत राहतात आणि ते दुसऱ्याच्या श्वासात जातात. भांड्यांतून, कपड्यांतून, हात मिळवून तो पसरत नाही. हे मी कितीदा तरी सांगितलंय. तरी घरोघरी ताटं वेगळीच. असं का, ते मला एका सासूबाईंनी शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सून पंचविशीची. मुंबईतल्या चाळीत एक खोली, पदरी तीन वर्षांचा मुलगा. पहिल्या भेटीत ती जवळजवळ गप्पच होती. दुसऱ्या भेटीत खाली बघत म्हणाली, "लघवी लाल होते. रक्त जातंय वाटतं. चार दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत."

टीबीच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवीला नारिंगी-लालसर रंग येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा रांगेत उभी असताना घाईघाईत सांगितलं असेल. डॉक्टरांना विचारून गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिसऱ्या भेटीत तिने मला जमिनीवर आणलं. "मला समजलं हो सगळं. पण मला समजून काय उपयोग? वाढायचा डाव आईंच्या हातात असतो."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. माणसाच्या मनातला चुकीचा समज शोधायचा आणि त्यालाच तो तपासायला लावायचा, ही माझी सवय. इथे मी तीन भेटी सुनेचे समज तपासत बसले होते आणि जो समज घर चालवत होता, त्याच्याशी माझी ओळखही झाली नव्हती.

दर महिन्याला आम्ही रुग्णांची आणि नातेवाइकांची बैठक घेतो. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं, चहा, डॉक्टरांची दहा मिनिटं आणि मग नुसत्या गप्पा. पुढच्या बैठकीला सासूबाई आल्या. नाकाला पदर लावून दाराशी बसल्या. मी ताटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मानही हलवली. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल. पण मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या आत्याला सॅनिटोरियमला नेलं. ती परत आलीच नाही. आजीने तिचं ताट नदीत टाकलं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. 1956 साली मद्रासमध्ये 193 रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या वेगळ्या रुग्णालयात ठेवलं, काहींवर घरीच उपचार केले. 1959 मध्ये निष्कर्ष आले. घरी राहणारेही जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नव्हती. हे सगळं ओठांवर आलं होतं. नशीब, मागच्या रांगेतल्या एक आजी आधी बोलल्या. त्यांच्या मुलाचा कोर्स नुकताच संपला होता.

"अहो, मीपण त्याचं ताट वेगळं केलं होतं. आणि खिडकी बंद! त्याला गार वारा लागू नये म्हणून. सगळं उलटंच केलं की मी."

लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. नाकावरचा पदर मात्र खाली आला. "आमचीपण बंदच असते," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग मी करू काय?"

या चार शब्दांनी मला बरंच काही उलगडलं. त्यांच्यासाठी ताट वेगळं करणं म्हणजे सुनेचा तिरस्कार नव्हता. नातवासाठी त्यांना करता येण्यासारखं तेवढंच एक काम होतं आणि मी तेही काढून घेत होते. हातात दुसरं काम दिल्याशिवाय भीती हातातलं काम सोडत नाही. शास्त्रापेक्षा त्या आजींची कबुली आधी उपयोगी पडली, हे मान्य करताना मला थोडं जड गेलं. मद्रासची गोष्ट मी नंतर सांगितली. तेव्हा सासूबाईंनी ती कान देऊन ऐकली.

तर त्यांना कामं दिली, तीच तुम्हालाही सांगते. दार-खिडकी उघडी ठेवा. खोकताना रुग्णाच्या तोंडावर रुमाल किंवा मास्क हवा. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या, लहान मुलांची सगळ्यात आधी. आजार नाही याची खात्री झाली की डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि नेमक्या तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो. मग औषधांना न जुमानणारा टीबी होण्याचा धोका असतो. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या मनाने बंद करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आहारासाठी निक्षय पोषण योजनेचे पैसे रुग्णाच्या खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये. आणि दवाखान्यात येताना जी घरात वाढते, तिला सोबत आणा. आता पहिल्याच भेटीत मी विचारते, घरात डाव कुणाच्या हातात असतो?

खिडकी दुसऱ्याच दिवशी उघडली. ताट मात्र आणखी काही आठवडे वेगळंच राहिलं. मीही विषय काढला नाही. एके दिवशी सून आली ती हसतच. "काल पाहुणे आले, ताटं कमी पडली. आईंनी माझं ताट काढलं आणि स्वतःच त्यात जेवल्या."