कूलंट गायब होतंय, पार्ट कुठून घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २००३ची बीएमडब्ल्यू ई४६ ३३०आय आहे. हल्ली कूलंट कमी होतंय, खाली थेंब दिसत नाही पण गाडी बंद केली की गोडसर वास येतो. तापमानाचा काटा मात्र मधोमध. मेकॅनिक म्हणतो सगळी कूलिंगच बदला, आणि शोरूमचा आकडा ऐकून घामच फुटला. ऑनलाइन अख्खं किट एकदम स्वस्त दिसतंय, भंगारातला मालही मिळतोय. काय घेऊ?

उत्तर : आधी त्या काट्यावर विसंबणं सोडा. या गाडीत तो साधारण ७५ ते ११५ डिग्रीपर्यंत मधेच ठाण मांडून असतो, कंपनीनेच तसा ठेवलाय, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो आणि तुमच्या एम५४ इंजिनाचं हेडही (वरचा भाग) अल्युमिनियमचं, ब्लॉकही (खालचा मुख्य भाग), म्हणजे एकदा नीट तापली की हेड वाकतं नाहीतर बोल्टचे आटे ब्लॉकमधून निघून येतात. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीची शिवण बघा, वाळलेल्या कूलंटचे पांढुरके डाग दिसले तर चोर सापडला.

आता पैशांचं. गाडी पळणारी असली तरी तिचा वॉटर पंप, थर्मोस्टॅट वगैरे साध्या ३२०आय आणि ३२५आयमध्येही तेच बसतात, त्यामुळे मॉडेलचं नाव टाकून शोधूच नका, ११ आकडी पार्ट नंबर टाका. तो चासी नंबरच्या शेवटच्या सात अक्षरांवरून काढा, ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलमध्ये टाकीखालची फिटिंग वेगळी असते आणि तिथेच लोक हमखास फसतात. मग बेहर (आता माले), वाहलर असे जे मूळ कंपनीलाच माल देतात त्यांच्या डब्यातला घ्यायचा. कित्येकदा पार्टच्या कास्टिंगवर बीएमडब्ल्यूच्या लोगोच्या जागी ग्राइंडरने खरवडलेलं दिसतं, म्हणजे साचा तोच, फक्त शोरूमचा डबा नाही. बिननावाचं स्वस्त किट मी तरी फुकट दिलं तरी बसवणार नाही.

भंगारातून पंख्याचं कव्हर, ब्रॅकेट, क्लिपा खुशाल घ्या. टाकी, होज, पंप, थर्मोस्टॅट मात्र नवेच, कारण हे प्लास्टिक तापून-निवून आतून ठिसूळ होतं आणि वरून चकचकीतच दिसतं. टाकीचं टोपण पण नवं घ्या, त्यावर २०० लिहिलंय की १४० (म्हणजे २ बार की १.४) ते बघून. अल्युमिनियमचा रेसिंग रेडिएटर रोजच्या गाडीला कशाला? ते पैसे पंपाला लावा, आतली पाणी ढकलणारी चकती (इम्पेलर) धातूची असलेला मिळाला तर उत्तम.

बसवल्यावर कूलंटमधली हवा काढायला विसरू नका हं, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. इंजिन थंड, चावी ऑन, हीटर फुल्ल गरमवर, ब्लोअर कमी, टोपणाशेजारचा ब्लीड स्क्रू सैल करून अगदी हळूहळू ओतत राहायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद, पण हाताने जपून, तोही प्लास्टिकचाच आहे.