ओपनएमआरएसमध्ये १०१ ताप का घेत नाही, पहाटेचं बीपी आदल्या रात्री का दिसतं

रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या ओपनएमआरएस या संगणक प्रणालीबद्दल तुमचे प्रश्न तीन आहेत. ताप १०१ टाकला की फॉर्म सेव्ह होत नाही. पहाटे चारला घेतलेलं बीपी आदल्या रात्री साडेदहाचं दिसतं. आणि राउंडला डॉक्टर म्हणतात, या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पहिले दोन सेटिंगचे आहेत. तिसरा सेटिंगने सुटत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच.

तापाचं आधी. ओपनएमआरएसमध्ये आकड्यात नोंदायच्या प्रत्येक कन्सेप्टला (म्हणजे ताप, वजन अशा नोंदीच्या व्याख्येला) एकच एकक असतं आणि प्रणाली स्वतःहून रूपांतर करत नाही. सीआयईएल या तयार कन्सेप्टच्या कोशातला तापमानाचा कन्सेप्ट (५०८८) सेल्सियसमध्ये आहे, मर्यादा २५ ते ४३. थर्मामीटर फॅरनहाइटचा, म्हणून १०१ बाद. यावर कन्सेप्टचं एकक बदलून मर्यादा वाढवायचा मोह होतो. ते कृपा करून करू नका. जुन्या नोंदींमधला ३७ तसाच राहील आणि उद्यापासून ३७ फॅरनहाइट म्हणून वाचला जाईल. एक तर सेल्सियसचे थर्मामीटर घ्या (१०१ म्हणजे ३८.३), नाहीतर फॅरनहाइटसाठी वेगळा कन्सेप्ट काढा. त्यात दशांश चालतील ही खूण करायला विसरू नका, नाहीतर ९८.६ अडेल.

वेळेचा घोटाळा साडेपाच तासांचा आहे, म्हणजे सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) चालतोय. सर्व्हर, डेटाबेस आणि प्रणाली डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणारं साधन) असेल तर तो डबा म्हणजे कंटेनर, सगळीकडे आशिया/कोलकाता हा वेळविभाग लावा. बॅकअप घेऊन मगच. जुन्या नोंदी आपोआप सरकणार नाहीत, तेव्हा बदल केल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा.

आता भरवशाचं. ‘ॲबसोल्यूट’ म्हणजे शेवटच्या मर्यादेबाहेरचा आकडाच तेवढा अडवला जातो. ‘नॉर्मल’ आणि ‘क्रिटिकल’ मर्यादा फक्त इशारा देतात. त्यामुळे चुकीचा पण शक्य असलेला आकडा बिनबोभाट आत जातो. पल्स ऑक्सिमीटरवर ९८ आणि ७२ दिसले आणि रकाने उलटे भरले, तर ऑक्सिजन ७२, नाडी ९८ अशी नोंद होते; फॉर्म काही बोलत नाही. नाडी शंभरावर असेल तरच चूक पकडली जाते. वजनाची मर्यादा ० ते २५०, कारण तान्ह्या बाळांनाही तोच कन्सेप्ट. १२ किलोच्या मुलाचं वजन २१ पडलं, तर किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पॅरासिटामॉल १८० ऐवजी ३१५ मिलिग्रॅम निघतं. मुलांच्या वॉर्डात मागचं वजन फॉर्मवर शेजारी दिसेल अशी सोय करून घ्या.

श्वासाचा रकाना उघडून पाहा. वॉर्डभर १८ नाहीतर २० असेल, तर कोणी मोजलेलं नाही. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे, आणि रुग्णाला न सांगता. कळलं की श्वास बदलतो. रुग्ण किती खालावलाय हे गुणांनी सांगणाऱ्या न्यूज-२ पद्धतीत २१ ते २४ श्वासांना २ गुण, २५ पासून ३, आणि एकाच घटकात ३ गुण आले तरी डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं. रुग्ण खालावतोय याची पहिली खूण बहुधा इथेच दिसते, आणि आपण तिथे सवयीचा आकडा टाकतो.

ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी ‘साध्या हवेवर’ की ‘इतक्या लिटरवर’ हे आलंच पाहिजे. ४ लिटरवरचे ९५ आणि साध्या हवेवरचे ९५ एक नव्हेत. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर बनवून घ्या.

बीपीत कफचं माप पाहा: हवा भरते ती पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब हवी. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी जास्त येतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीला.

कागदी टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर लिहून ड्युटी संपताना एकदम भरत असाल, तर सगळ्यांची वेळ सारखी पडते आणि ताप गोळीआधीचा की नंतरचा हे कळत नाही. खाटेशीच भरा. ते जमत नसेल तर मोजल्याच्या वेळेचा स्वतंत्र रकाना ठेवा. मोजता आलं नाही तर रिकामं सोडून कारण लिहा. ऑक्सिजनला शून्यही चालतो, म्हणून तिथे ० टाकू नका.

दोन रुग्णांच्या टॅब एकदम उघड्या ठेवू नका. तरीही नोंद भलत्याच्या फाइलवर गेली, तर त्यावर दुसरा आकडा लिहून झाकू नका. कारण देऊन ती रद्द करा (डेटाबेसमध्ये ती खुणेसह राहतेच) आणि योग्य रुग्णावर मोजल्याच्या मूळ वेळेने नव्याने भरा. मधल्या वेळात त्या आकड्यावरून कुणाचं औषध बदललंय का, हे लगेच डॉक्टरांना विचारा.